नववीत येऊन पडलेली पोरं

इथे न्यू जर्सीत एका शाळेत ईएसएलच्या, म्हणजे घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांना इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गात मदतीला जाते, आणि सगळ्यात जास्त जीव तुटतो तो आठवी-नववीत नव्याने आलेल्या पोरांसाठी. केजीतलं मूल खेळता खेळता इंग्रजी उचलतं हो, पण पंधरा वर्षांच्या पोराला इंग्रजी, बायोलॉजी, अल्जिब्रा सगळं एकदमच, आणि क्रेडिट्स (प्रत्येक विषय पास झाल्यावर मिळणारे गुणांक) राहिले की हायस्कूलचं ग्रॅज्युएशन लांबतं.

ग्वाटेमालाहून आलेला एक मुलगा सतत गप्प, सगळे म्हणायचे कच्चा आहे. त्याला पेशीची आकृती देऊन म्हटलं स्पॅनिशमध्ये लिही, तर न्यूक्लियस, मायटोकॉन्ड्रिया सगळं बरोबर, वर कशाचं काय काम तेही लिहिलेलं! विषय येत होता, फक्त इंग्रजीत सांगता येत नव्हतं.

सगळ्यांना तीच पुस्तकं, तेच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक झाली असं नाही, हे अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने इंग्रजी न येणाऱ्या मुलांबद्दल 1974 मध्येच लाऊ विरुद्ध निकोल्स खटल्यात सांगितलंय.

आणि आपल्या मराठी आईबाबांना कळकळीची विनंती, अॅडमिशनच्या वेळी घरची भाषा विचारतात तिथे मराठी असेल तर मराठीच लिहा, ईएसएल नको म्हणून नुसतं इंग्लिश लिहू नका, त्या फॉर्मवरूनच मुलाची इंग्रजीची टेस्ट घ्यायची की नाही ते ठरतं. मीटिंगला दुभाषी हवा असेल तर बिनधास्त मागा, शाळेने तो फुकट द्यायचा असतो.