मागच्या सीटचा हिशेब

जुन्या मोटरसायकलींचे शौकीन इंजिनाबद्दल तासन्‌तास बोलतात. सायलेन्सरचा आवाज, कार्ब्युरेटरची सेटिंग, टाकीवरची पट्टी कुठल्या सालची, मीटरची तबकडी अस्सल की नक्कल, यावरून भांडणंही होतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी दिवसाला सगळे गाडीवाले धूर काढत जमतात तेव्हाही विषय हेच. मागच्या शॉकअपबद्दल, म्हणजे खड्ड्याचे धक्के झेलणाऱ्या त्या स्प्रिंगवाल्या जोडीबद्दल, कुणी बढाई मारल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. याचं कारण मला असं वाटतं की गाडी चालवणारा शॉकअपच्या बराच पुढे बसतो. त्यांचं बरंवाईट खरं कळतं ते मागे बसणाऱ्याला, आणि गाडीच्या बाबतीत त्या माणसाचं मत विचारायची आपल्याकडे पद्धत नाही.

माझी येझदी १९८४ची. ती बनवणारा म्हैसूरच्या आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला, त्यामुळे तिचे सुटे भाग म्हणजे कुठल्यातरी दुकानाच्या माळ्यावर उरलेला जुना माल, नाहीतर नक्कल. किक आणि गिअरचा दांडा एकच, सायलेन्सर दोन, चेन पूर्ण बंद पेटीत. तिच्या लांबलचक सपाट सीटवर मागे बसणारा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावरच येतो. माझं वजन दोन्ही चाकांत वाटलं जातं, बायकोचं मात्र बहुतेक सगळं मागच्या दोन स्प्रिंगांवर. शॉकअप बदलायचा ठराव तिनेच मांडला, तोही अगदी नेमक्या शब्दांत. "अहो, तुमची गाडी खड्ड्यात जाते एकदा, आणि मला बसतं तीनदा."

कुठल्याही मिस्त्रीला विचारा, शॉकअप तपासायची सोपी रीत हीच आहे. सीट दोन्ही हातांनी जोरात दाबायची आणि सोडायची. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक. दोन-तीनदा डुलली तर आतलं तेल संपलं किंवा झडप गेली. बायकोने हीच चाचणी स्वतःच्या पाठीवर केली होती.

शॉकअपमध्ये दोन वेगळ्या वस्तू एकत्र नांदतात, आणि दुकानात सगळा घोळ होतो तो दोन्हींना एकच समजल्यामुळे. बाहेरची स्प्रिंग वजन पेलते. पण ती प्रामाणिक देणेकऱ्यासारखी, घेतलेलं जवळजवळ सगळं परत करते. खड्ड्याने तिला जेवढं दाबलं तेवढ्याच जोराने ती सीट वर फेकणार. ते फेकणं आवरायचं काम आतल्या दांड्याचं. दांड्याच्या टोकाला दट्ट्या असतो, तो तेलातून वरखाली सरकतो, तेल बारीक भोकांतून वाट काढतं आणि त्या ओढाताणीत धक्क्याचा जोर उष्णतेत विरतो. खराब रस्त्यावरून लांबची फेरी करून आल्यावर शॉकअपच्या नळीला हात लावून पाहा, ती कोमट लागेल.

आता गंमत अशी, की थकलेली स्प्रिंग बसणाऱ्याला कडक वाटते. दोन माणसं बसली की ती आधीच इतकी दबते की पुढच्या खड्ड्याला दबायला जागाच उरत नाही. मग शॉकअप तळाच्या रबरावर आपटतो आणि मणका ओरडतो. माणूस म्हणतो, शॉकअप कडक झालेत, जरा नरम टाका. दुकानदार नरम टाकून देतो, आणि ते पहिल्यापेक्षा लवकर आपटतात. मागे बसणाऱ्याच्या कंबरेच्या दुखण्याला वय, बैठं काम, गादी असली कारणं दिली जातात. माझ्या मते त्यातली निम्मी कंबरदुखी या एका गैरसमजातून आलेली असते. यासाठी माझ्याकडे पुरावा नाही, फक्त खात्री आहे.

आमचे मिस्त्री, नाशिकच्या भद्रकालीतले चाचा, यांचं म्हणणं पडलं की आधी जुनेच उघडून बघू. पूर्वीचे शॉकअप उघडता येतात, हा त्यांचा मोठा गुण. ऑइल सील बदला, ताजं तेल भरा, बुश नवे टाका, गाडी निघाली. चाचांनी दांडा बाहेर काढून फडक्याने पुसला आणि नखाने खरवडून दाखवला. क्रोमवर गंजाचे बारीक खळगे पडले होते. "शेठ, सील आज टाकतो. हे खळगे करवतीसारखे फिरतील. पुढच्या महिन्यात परत तेल गळणार." दांड्याला हार्ड क्रोम करून, म्हणजे क्रोमचा नवा कडक थर चढवून, घासून आणणं हा उपाय होता. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत ते करून देणारे आहेत. ते होईपर्यंत बाजारात दुसरं काय मिळतं ते पाहून घ्यावं म्हणून मी निघालो.

वाहनांच्या सुट्या भागांच्या बाबतीत नाशिककराला खरं तर कुठे जावं लागू नये. भारतात शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनवणारी गॅब्रिएल इंडिया १९६१ साली सुरू झाली. तिचा दुचाकी-तीनचाकींचे शॉकअप बनवणारा कारखाना आमच्या अंबडमध्येच आहे. देशभरातल्या कितीतरी लोकांची पाठ इथे सांभाळली जाते. पण कारखान्याला नव्या गाड्यांची काळजी, आणि ते रास्तच आहे. चाळीस वर्षं जुन्या गाडीवाल्याचा आधार होता अंबड लिंक रोडचा भंगार बाजार. तिथे कुठली वस्तू कुठल्या गाडीतून निघाली हे विकणाऱ्यालाही माहीत नसे, पण हातात धरून मापता यायची. महापालिकेने तो २०१७ साली उठवला. शहर नीटनेटकं व्हावं हे मलाही पटतं, फक्त येझदीला पटत नाही. आता पुण्याच्या नाना पेठेत फोन करायचा नाहीतर दिल्लीच्या करोल बागेतून मागवायचं.

फोनवर पहिला प्रश्न येतो, "मॉडेल कोणतं?" दुसरा प्रश्न, "क्रोम पाहिजे की काळे?" तिसरा प्रश्न येत नाही. ब्रिटनमध्ये हॅगॉनसारखे लोक जुन्या गाड्यांसाठी जोड्या बांधून देतात. ते आधी चालवणाऱ्याचं वजन विचारतात, आणि मागे कुणी बसणार आहे का तेही. थायलंडच्या वायएसएसकडेही वेगवेगळ्या ताकदीच्या स्प्रिंगा मिळतात. त्यांची किंमत ऐकून मी फोन शांतपणे खाली ठेवला. पण तो वजनाचा प्रश्न डोक्यात राहिला, कारण खरा प्रश्न तोच आहे.

तो घरी विचारणं हे वेगळं प्रकरण. "कशाला हवंय?" "स्प्रिंगसाठी." बराच वेळ कांदा चिरण्याचा आवाज येत राहिला, मग एक आकडा आला. तो मी जसाच्या तसा लिहून घेतला. समंजस माणसाने हेच करावं.

हिशेब अवघड नाही. समजा एका स्प्रिंगला एक मिलिमीटर दाबायला दीड किलो लागतात. दोन्ही बाजूंच्या मिळून तीन किलो. आसावर साठ किलोचा माणूस बसला की मागची बाजू वीस मिलिमीटर खाली जाणार. जुन्या गाडीच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला जागा असते ऐंशीच्या आसपास. तिचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे पंचवीसेक मिलिमीटर, गाडी आणि माणसं पेलताना खर्च व्हावा आणि उरलेला रस्त्यासाठी ठेवावा, असा रूढ अंदाज आहे. गाडी, मी, बायको आणि बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बाजारातून आणलेल्या भाजीच्या दोन पिशव्या एवढं सगळं त्या तिसऱ्या हिश्श्यात बसवायचं आहे, हे लक्षात आल्यावर रॉबर्ट हूकबद्दल आदर वाटू लागला. जेवढा भार तेवढा ताण, हा स्प्रिंगचा नियम त्याने १६७८ साली छापून टाकला होता. भाजीच्या पिशव्यांनाही तो लागू आहे.

स्प्रिंगची ताकद तारेच्या जाडीवर कशी वाढते, हे एकदा समजलं की दुकानात उभं राहायचा पवित्राच बदलतो. ती जाडीच्या चौथ्या घाताने वाढते. बाकी सगळं सारखं ठेवून सात मिलिमीटरची तार आठ केली तर स्प्रिंग सुमारे १.७ पट कडक होते. डोळ्याला दोन्ही सारख्याच दिसतात. "हे बुलेटचे टाका, बसून जातात" असं सांगणारे भेटतातच, आणि बोल्टात ते बसतातही. पण बुलेट मुळात जड, तिची स्प्रिंग त्या हिशेबाची. काहीजण स्प्रिंगचे वेढे कापून ती बुटकी करतात आणि गाडी खाली आली म्हणून ती नरम झाली असं समजतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग उलट कडक होते. शिवाय कापलेलं टोक पुढे काय करेल याचा भरवसा नाही. हा उद्योग करणाऱ्याच्या मागे मी तरी बसणार नाही.

लांबी हा आणखी एक सापळा. वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत जे माप भरतं ते खरं, बाकी डब्यावर काहीही छापलेलं असो. लांब शॉकअप टाकले तर गाडीचं शेपूट वर येतं, हँडल चंचल होतं, आणि मधल्या स्टँडवर लावली तरी मागचं चाक जमिनीला टेकतं. आखूड टाकले तर खड्ड्यात टायर मडगार्डला घासायची भीती. त्यात येझदीची चेन बंद पेटीत. मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा कोन बदलला की चेनचा ढिलेपणा बदलतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

गॅसचे टाकावेत का, यावर चाचांचं आणि माझं जमलं नाही. साध्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकाच नळीत राहतात. सारखे दणके बसले की दोन्ही घुसळून फेस होतो, आणि फेसाला धक्का आवरत नाही. सिंहस्थ २०२७चा असल्यामुळे आमचे रस्ते सध्या जागोजागी खणलेले आहेत, म्हणजे फेसाला पोषक हवामान. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजनचा दाब तेलाला फेसाळू देत नाही. हे सगळं खरं. पण त्यांचा तो लाल-सोनेरी डबा येझदीच्या मागे लटकलेला मला बघवेना. जुन्या गाडीचं अस्सलपण जपणाऱ्यांची मी एरवी चेष्टा करतो. दिसण्यासाठी मणका पणाला लावू नये असंही मला वाटतं. पण इथे एक मधली वाट निघत होती. नवीन स्प्रिंग हिशेबाने घ्यायची, दांडे हार्ड क्रोम करायचे, आत नवी सील आणि जरा जाड तेल, आणि बाहेर मूळचीच क्रोमची आवरणं. फेस झाला तर होऊ दे, आम्ही काही शर्यतीत उतरत नाही. चाचांनी खांदे उडवले, पण काम मात्र सुरेख केलं. तेल भरताना दोन्ही नळ्यांत मापून सारखं भरलं. एकात कमी, एकात जास्त झालं असतं तर वळणावर चिमटा पिळला गेला असता.

मग आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजणी झाली. मडगार्डवर खडूची खूण, आसापासून तिथपर्यंत टेप. चाक हवेत असताना एक माप, गाडी चाकांवर उभी असताना दुसरं, दोघं बसल्यावर तिसरं. तिसऱ्या मापाला पाय जमिनीवर टेकवून चालत नाही, म्हणून तळमजल्यावरच्या काकांनी हँडल धरलं आणि वॉचमनने टेप. काकांनी तेवढ्यात विचारून घेतलं, एवढ्या पैशात नवी स्कूटर नसती का आली. टेपने जे सांगितलं त्यावरून उलट हिशेब करून दोघांचीही खरी वजनं निघत होती. तो हिशेब मी तोंडीच केला. माझा आकडाही माझ्या समजुतीपेक्षा बराच पुढे होता.

शेवटचा मुद्दा खालच्या खाचांचा. शॉकअपच्या बुडाला पायऱ्यांची चकती असते, सी-पान्याने ती फिरवली की स्प्रिंग आधीपासून थोडी दबून राहते. तिने स्प्रिंग कडक होते असं सगळे समजतात. प्रत्यक्षात ताकद तीच राहते, फक्त गाडी किती उंचीवर उभी राहील ते बदलतं. एकट्यासाठी पहिली खाच, दोघांसाठी तिसरी. म्हणजे दर वेळी खाली बसून दोन्ही बाजूंनी पाना फिरवायचा. मी ऑफिसला रोज एकटाच जातो, ती मागे बसते ती बाजाराला, नाहीतर कधीतरी त्र्यंबकला. व्यवहाराने पाहिलं तर पहिली खाच ठेवून तिच्या वेळी बदलणं सोपं.

चाचांनी विचारलं, "कुठे ठेवू?" मी म्हटलं तिसरीवर. त्र्यंबक रोडला अंजनेरीपर्यंत जाऊन आलो, मागून एकदाही तक्रार आली नाही, उलट वाटेत भुईमुगाच्या शेंगा घ्यायला थांबा म्हणून सांगणं झालं. एकटा असलो की गंगापूर रोडच्या प्रत्येक गतिरोधकावर आता मला थोडं बसतं, पण एकदाच.