ताई, चावी लावू नका

आमच्या आठशेचा मागचा बंपर तुळशीवृंदावनाच्या पायरीवर टेकला होता आणि तोंड विहिरीकडे होतं. आदल्या रात्री मी ती बरोबर उलटी उभी केली होती. मारुती ८०० चं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. पाणी पत्र्याच्या तळापासून वीतभर वर चढलं की ही गाडी होडीसारखी सुटते, हे गणित मला नंतर सुचलं.

२२ जुलै २०२१ म्हणजे काय ते चिपळूणकराला वेगळं सांगावं लागत नाही. २००५ च्या पुरात पाणी आमच्या अंगणाच्या कडेला येऊन परत गेलं होतं. यंदाही तेवढंच येईल म्हणून मी गाडी हलवली नाही आणि माळ्यावर जाऊन बसले. पाणी डॅशबोर्डावरून गेलं. दुकान गेलं (माझं औषधांचं दुकान आहे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी). घरातला गाळ उपसण्यात चार दिवस गेले, त्यामुळे गाडीकडे पाचव्या दिवशी पाहिलं. दार उघडलं तसं आतून पाणी, गाळ आणि कुणाच्या तरी घरातली एक लाटणं-पोळपाटाची जोडी बाहेर आली. पोळपाट अजून आमच्याकडेच आहे.

गाडी १९९० ची, एमएच-०८. अण्णांनी नवी घेतलेली. चार गिअर, तीन सिलिंडर, ७९६ सीसी, कार्बोरेटर. अण्णा गेल्यावर मी ती 'ओरिजिनल' ठेवायचा पण केला होता. हबकॅप तेच, सीटकव्हराखालची सीट तीच, वायपरची दांडीसुद्धा तीच. चाचा, म्हणजे अण्णांच्या वेळेपासूनचे आमचे मेकॅनिक, यावर हसायचे. त्या दिवशी ते चिखल तुडवत आले तेव्हा त्यांच्या स्वतःच्या गॅरेजात कंबरभर गाळ होता. मी चावी हातात घेऊन उभी होते.

"ताई, चावी लावू नका. पाणी दाबलं जात नाय. कनेक्टिंग रॉड वाकला तर मग रडाल."

सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन त्या पाण्यावर आदळतो. त्या आठवड्यात गावात कितीतरी जणांनी 'बघू तरी सुरू होते का' म्हणून चावी फिरवली.

आम्ही तिन्ही प्लग काढले, क्रँकच्या पुलीला पाना लावला आणि इंजिन हाताने फिरवलं. दुसऱ्या सिलिंडरमधून पिचकारी उडाली ती थेट चाचांच्या बनियनवर. तिन्हींत थोडं थोडं डिझेल ओतून रात्रभर तसंच ठेवलं. ऑइल सोडलं तर बिनसाखरेच्या चहासारखं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं असतं, तेही तसंच. टाकी उतरवली. पुढे इंजिन सुरू झाल्यावर स्वस्तातलं ऑइल भरून, दहा मिनिटं चालवून ते फेकायचं, असं दोनदा केलं. मागच्या ब्रेकचे ड्रम उघडले तर प्रत्येकात वाटीभर गाळ. स्टार्टर, अल्टरनेटर आणि वायपरची मोटर सोडवून परातीत मांडून उन्हाची वाट पाहत बसलो. जुलैच्या चिपळुणात ऊन! शेवटी दुकानातला हेअरड्रायर चालवला. विकायला ठेवलेला होता, भिजला नव्हता.

डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट (उघडझाप करून प्लगची ठिणगी वेळेवर पाडणारे संपर्क) पॉलिशपेपरने घासले, गॅप ०.४५ मिमीवर बसवला. बाराव्या दिवशी गाडी सुरू झाली. तीन सिलिंडरची ती थरथर, आरसा हलतोय, मी रडतेय, आणि चाचा म्हणतायत, "टॅपेट वाजतायत." खरंच वाजत होते. इंजिन थंड असताना झडपांपाशी ०.१५ मिमी फट ठेवायची असते, एक तर दुपटीने सैल होता.

पण गिअर पडेना. पाच दिवस पाण्या-गाळाने ओली राहून क्लचप्लेट फ्लायव्हीलला गंजाने चिकटली होती. गिअरबॉक्स उतरवायचा तर अख्खा दिवस जाणार. चाचांनी इंजिन गरम केलं, बंद केलं, समोरच्या मोकळ्या मैदानात गाडी ढकलत नेली, दुसरा गिअर टाकला, क्लच पूर्ण दाबला आणि स्टार्टर मारला. गाडी क्लच दाबलेला असतानाच ससा उडावा तशी निघाली. ॲक्सिलरेटर दाब, सोड, दाब, सोड. तिसऱ्या फेरीला आतून 'टक्' झालं आणि प्लेट सुटली. हा प्रयोग वर्दळीच्या रस्त्यावर करू नये.

शेजारच्यांची दोन वर्षांची गाडी याच पाण्यात होती. विमा कंपनीने टोटल लॉस धरली, कारण वायरिंग आणि कॉम्प्युटर बदलण्याचा खर्च गाडीपेक्षा जास्त. माझ्या गाडीत कॉम्प्युटरच नाही. हे मी मिरवायला सांगत नाहीये. त्यांच्या गाडीत एअरबॅग होत्या, माझ्यात नाहीत, आणि भरधाव हायवेवर मला ते आठवतं.

इंजिन हा सोपा भाग. खरा वैरी पत्रा. पावसाळ्यानंतर मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या टाचेखाली पत्र्याला भोक आणि त्यातून रस्ता दिसतोय. तेव्हा मी फ्रिजवरचं लोहचुंबक घेऊन सगळ्या गाडीभर फिरवलं. जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुटी (खड्डे-भोकं भरायचा लेप) आहे. दोन्ही रनिंग बोर्ड, बॅटरीखालचा ट्रे, स्टेपनीखालचा खड्डा: चुंबक गळून पडायचं. म्हणजे माझी 'ओरिजिनल' गाडी पुराच्या आधीपासूनच निम्मी पुटीची होती! मी वायपरची दांडी जपत बसले होते.

डेंटरने कुजका भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापून नवा वेल्ड केला. नुसता वरून तुकडा मारला तर मधल्या फटीत ओल राहते आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. प्रायमर, मग खालून कोटिंग. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात, ती कोटिंगवाल्याने बुजवून टाकली होती. मी केसांच्या पिनेने एकेक मोकळं केलं. आता दर जूनला करते. पाच मिनिटांचं काम आहे, आणि दारं कुजतात ती ही पाच मिनिटं न दिल्यापायी.

यानंतर माझं सोवळं सुटलं. हेडलाइटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावले. मूळ वायरिंगमध्ये दोन्ही दिव्यांचा करंट स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून येतो. तीस वर्षांचं तांबं, त्यात गाळ, त्यामुळे बल्बपाशी मीटर लावला तर साडेदहा व्होल्ट. जाड वायर, दोन रिले, बॅटरीपासून थेट फ्यूज, आता साडेबाराच्या वर मिळतात. बल्ब तेच. कुंभार्ली घाटात धुकं उतरलं की हा सगळ्यांत शहाणपणाचा खर्च वाटतो. पेट्रोलच्या रबरी नळ्याही बदलल्या, कारण इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही. बोट लावलं तर काळं येत होतं.

टायरचा किस्सा मात्र माझ्या फजितीचा. पूर्वीचे १४५/७० आर १२, त्याऐवजी ऑल्टोचे १४५/८० आर १२ टाकले. चाक तेच, गाडी दीड सेंटीमीटर उचलली जाते, आमच्या रस्त्यांना बरं. आणि महिन्याभरात ॲव्हरेज सतरावरून सोळावर आलं. अण्णांची पेट्रोलची वही मी पुढे चालवते (माळ्यावर होती म्हणून वाचली), त्यात दिसलं. मी कार्बोरेटर दोनदा उघडला. जेट साफ केले, फ्लोट पाहिला, चाचांचं डोकं खाल्लं. शेवटी हायवेवरच्या दगडांवर दहा किलोमीटर मोजले तर मीटरवर साडेनऊसुद्धा भरले नाहीत. टायरचा व्यास ५०८ मिमीवरून ५३७ झाला होता, म्हणजे पावणेसहा टक्के. चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं आणि मीटर बिचारा फेरेच मोजतो. ॲव्हरेज कमी झालंच नव्हतं. वहीत आता दोन रकाने आहेत: मीटरचे आणि खरे. वेगाचंही तेच. काटा साठवर असतो तेव्हा गाडी त्रेसष्टच्या पुढे असते.

चाचांच्या पुतण्याला याच्या पुढे जायचं होतं. रुंद अलॉय, स्प्रिंग कापून गाडी खाली, मोठा सायलेन्सर. मी नाही म्हटलं. कापलेली स्प्रिंग परत जोडता येत नाही. रिले मी उद्या काढून टाकू शकते. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन लावायलाही चाचा दोन वर्षं सांगतायत. त्यांचं बरोबर आहे, पॉइंट झिजतात, पावसात कुरकुरतात. पण पॉइंट मी स्वतः, एका फीलर गेजवर (फट मोजायची पातळ पट्टी), रस्त्याच्या कडेला बसवू शकते. तो काळा डबा गेला तर मला चाचांना फोन करावा लागेल, आणि चाचा आता सत्तरीचे आहेत.

गेल्या वर्षी पासिंगची पाच वर्षं संपली. पूर्वी सहाशे रुपये असलेली फी २०२२ मध्ये पाच हजार झाली होती, शिवाय पर्यावरण कर वेगळा. व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी करायला गाडी पन्नास वर्षांची लागते, म्हणजे २०४०. इन्स्पेक्टरने बॉनेट उघडायला लावलं, बराच वेळ आत पाहिलं आणि विचारलं, "पाण्यात गेली होती का?" मी म्हटलं, कशावरून? त्याने बोटाने दाखवलं. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधला पत्रा), हीटरच्या नळीच्या मागे, जिथे हात पोचत नाही तिथे, गाळाची एक सरळ पिवळी रेघ आहे.

ती तशीच आहे. यंदा जूनपासून गाडी रात्री मावशीच्या दारात, चढावर असते. पाऊस नसला तरी.