बशीखालचा 2000

पॅरिसजवळच्या एका जुन्या बाजारात 30 युरोंना एक कपबशी घेतली. गुलाबी रंग, काठाला सोन्याची वेलबुट्टी, मध्ये पांढऱ्या चौकटीत फुलं. बशी उलटी केली तर एकमेकांत अडकलेले दोन एल, त्यांच्या पोटात ई आणि बाजूला सोनेरी 2000. मला वाटलं, जुनी किंमत असेल!

घरी येऊन शोधलं आणि झोपच उडाली. दोन एल म्हणजे फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या आश्रयाखालच्या सेव्र गावातल्या पोर्सिलेन कारखान्याची खूण. ई म्हणजे 1757 साल. आणि 2000 ही व्हँसाँ नावाच्या सोन्याचं काम करणाऱ्या कारागिराची सही. फ्रेंचमध्ये ‘वीसशे’ म्हटलं की ऐकू येतं ‘व्हँसाँ’च. काय डोकं!

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवलं. ती म्हणाली, “कपात दोन घोट मावतील. बशी मात्र बरी आहे.”

एका लिलावघराला फोटो पाठवले. तीन आठवड्यांनी वेळ मिळाली. कपबशी दोन स्वेटरांत गुंडाळून, मेट्रोत मांडीवर घेऊन गेलो. तज्ज्ञबाईंनी खुणेकडे बघितलंच नाही. कप तिरका करून भिंग लावलं आणि मलाही बघायला लावलं. फुलांचे रंग झिलईच्या वर बसले होते, बोटाला उंचवटा लागत होता. जुन्या मऊ पोर्सिलेनवर रंग झिलईत मुरतो, कठीणवर तो वर राहतो, म्हणाल्या. कठीण पोर्सिलेनला केओलिन ही पांढरी माती लागते, ती फ्रान्समध्ये सापडली 1768च्या सुमारास, लिमोझ शहराच्या दक्षिणेला. मग 1757चा कप कठीण कसा?

त्यांनी कपाटातून एक खरी बशी काढली. तिच्यावरचं सोनं जाड, मऊ. भट्टीतून ते निस्तेज निघतं, मग अकीक दगडाने घोटून हवी तिथेच चकाकी आणतात. पानांच्या शिरासुद्धा घोटून काढलेल्या! माझ्या बशीवरचं सोनं पितळेसारखं सरसकट चमकत होतं. एकोणिसाव्या शतकातली नक्कल, 40 युरो. नक्कल करणाऱ्याने सही मात्र निवडून घेतली होती.

तसाच नऊ नंबरच्या मेट्रोने शेवटच्या पाँ द सेव्र स्टेशनवर उतरलो. पूल ओलांडला की सेव्रचं संग्रहालय. काचेआडच्या बश्यांवर तासभर फक्त सोनं बघत होतो.

कपात आता सुट्टी नाणी असतात. बशीत चहा ओततो, आईचं ऐकून.