कॉर्सिकाचा उठावाचा नकाशा : अठराशे मीटरपर्यंत

भूमध्य समुद्रातील कॉर्सिका या फ्रेंच बेटाचा, डोंगरदऱ्यांची उंची दाखवणारा पुठ्ठ्याचा नकाशा मी थरावर थर चिकटवून करतो आहे. मागील नोंदीच्या वेळी केवळ किनाऱ्याचा थर चिकटवून झाला होता. आता १८०० मीटरच्या समोच्च रेषेपर्यंत, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषेपर्यंत, काम आले आहे. प्रमाण १ : २,००,००० हेच ठेवले असल्याने १८३ किलोमीटर लांबीचे हे बेट साधारण साडेएक्क्याण्णव सेंटिमीटरांत आणि ८३ किलोमीटर रुंदी साडेएक्केचाळीस सेंटिमीटरांत बसते. दर १०० मीटर उंचीसाठी दोन मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा घेतला आहे, म्हणजे उंची चौपट वाढवली आहे. हे काही जाणकारांना खटकेल याची कल्पना आहे. परंतु खऱ्या प्रमाणात माँते सिंतो हे २७०६ मीटरचे सर्वोच्च शिखर जेमतेम साडेतेरा मिलिमीटर भरले असते, आणि किनाऱ्यापासून अवघ्या पंचवीसेक किलोमीटरांवर एवढा पर्वत उभा आहे, ही या बेटाची मुख्य गोष्टच नजरेस पडली नसती.

पश्चिम किनाऱ्याने कटरची पाती सर्वाधिक खाल्ली. पोर्तो, सागोन, आयाच्चो आणि वालिंको ही चार आखाते कड्यांमध्ये खोल घुसलेली असल्याने तेथे शंभर-दोनशे-तीनशेच्या रेषा एकमेकींना जवळजवळ चिकटून येतात. याउलट पूर्वेकडील मैदानाचा पट्टा एका थरात उरकला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी होईपर्यंत या सपाटीवर हिवतापाचे राज्य होते, आणि माणसे डोंगरांतच का वसली हे त्यावरून उमगते.

खडकांचा फरकही दाखवायचा होता. पश्चिम व दक्षिण भाग प्रामुख्याने ग्रॅनाइटचा, तर ईशान्य भाग शिस्ट या पापुद्र्यांच्या खडकाचा आहे. म्हणून ग्रॅनाइटवर चाळलेली वाळू फेविकॉलात कालवून लावली आणि शिस्टचे डोंगर कागदाच्या लगद्याने गोलसर केले. उत्तरेला बोटासारखे निघालेले काप कोर्स त्यामुळे उरलेल्या बेटापासून स्पर्शानेही वेगळे कळते.

आता झालेली चूक. जुलैमध्ये, पावसाची झड लागलेली असताना, पाणी घातलेला फेविकॉल वापरून मी एकाच संध्याकाळी पाच थर चढवले. सकाळी पाहतो तो नैर्ऋत्य कोपरा पापडासारखा वर आलेला. पाचही थर सोलून काढावे लागले; नवे थर आता दोन-दोन करून, घट्ट फेविकॉलाने आणि वर पाट्याचे वजन ठेवून चिकटवतो. गंमत अशी की, आपल्याकडे पुठ्ठा ओलाव्याने फुगत होता त्याच महिन्यात कॉर्सिकाचा किनारा कोरडाठाक असतो. तेथील उन्हाळा जवळजवळ पावसाविना जातो, पाऊस शरद ऋतूपासून पुढे येतो, आणि उंच शिखरांवर तो हिमरूपाने पडून सावलीच्या घळींत उन्हाळ्यापर्यंत टिकतो.

मुख्य पर्वतरांगेत १२०० मीटरची रेषा कापताना पुठ्ठ्याचे प्रथमच दोन तुकडे झाले. तो खंड म्हणजे ११६३ मीटरवरील विझ्झावोनाची खिंड. आयाच्चोहून बास्तियाला जाणारी रेल्वे येथेच सुमारे चार किलोमीटरांच्या बोगद्यातून रांग ओलांडते. नकाशावर तो बोगदा दोन सेंटिमीटरांचा आहे. खिंडीचे स्थान मी आधी वाचले होते, पण ते खरे समजले ते पाते मोकळे सुटले तेव्हा.

रंगकामात सर्वाधिक वेळ गेला तो साधारण ८०० ते १८०० मीटरच्या पट्ट्यात. खालच्या उतारांवरील माक्वी, म्हणजे सुगंधी काटेरी झुडपांचे दाट रान, आणि सदाहरित ओक यांच्यावर येथे लारिसियो पाइनची उंच, सरळसोट जंगले लागतात. कॉर्सिकन शिलिंध्री हा पक्षी याच जंगलांत राहतो आणि जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. जॉन व्हाइटहेड या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८८३ मध्ये तो प्रथम टिपला. सह्याद्रीतील मखमली शिलिंध्री ज्यांनी पाहिली आहे त्यांना खोडावर उलटे उतरण्याची लकब ओळखीची वाटेल. फक्त कॉर्सिकन शिलिंध्रीच्या डोळ्यावरून पांढरी भुवई जाते, आणि नराची टोपी काळी असते. उन्हात पाइनची बोंडे उघडली की ती बिया काढून सालीच्या भेगांत दडवते, कारण थंड, ढगाळ दिवसांत बोंडे मिटलेली राहतात. घरटे ती वाळून कुजलेल्या खोडात कोरते. म्हणून हिरव्या रंगात मी मुद्दाम काही राखाडी, मेलेली झाडेही रोवली आहेत. एका पक्ष्याचे उभे जग माझ्या नकाशावर दोन सेंटिमीटर जाडीचे आहे, हे मोजल्यावर हात थोडा वेळ थांबला.

हरणांसाठी दक्षिणेकडे दोन टाचण्या टोचल्या आहेत. कॉर्सिकाचे तांबडे हरीण १९६० च्या दशकाच्या अखेरीस बेटावरून नाहीसे झाले आणि १९८५ पासून शेजारच्या सार्डिनिया बेटावरून पुन्हा आणले गेले. मूफ्लाँ ही रानमेंढी आणि दाढीवाले गिधाड यांच्या खुणा वरच्या थरांवर येतील.

पुढचे काम नाजूक आहे. १७४३ मीटरवरील नीनो सरोवराभोवती ओल्या हिरवळीत लहान लहान डबकी आहेत, त्यांना तिकडे पोझिन म्हणतात. ती सुईने टोचून पारदर्शक वॉर्निशने भरण्याचा विचार आहे. २६०० मीटरनंतर सिंतोवर पुठ्ठा लावण्याइतकी जागाच उरत नाही. २७०० ची रेषा तेथे टाचणीच्या डोक्यानेच दाखवावी लागेल, आणि ते डोके पांढरे रंगवून ठेवले आहे.