शिशाचा वॉशर

जलशुद्धीकरण केंद्रात क्लोरीनचा टोनर बदलताना प्रत्येक जोडणीला नवा शिशाचा वॉशर लावायचा असतो. तो आकाराने नाण्याएवढा, किमतीने किरकोळ, आणि म्हणूनच भांडाराच्या मागणीपत्रात शेवटच्या ओळीत लिहिला जाणारा. एकदा दाबला गेलेला वॉशर पुन्हा नीट बसत नाही, हे केंद्रावरच्या प्रत्येकाला माहीत असते. तरीही तो उलटा करून पुन्हा वापरण्याचा मोह भल्याभल्यांना होतो. नगरपालिकेच्या एका केंद्रावर रसायनतज्ज्ञ म्हणून काम करत असताना हा मोह आमच्या पाळीलाही झाला होता, आणि त्या रात्रीची आठवण मी आजवर कुठे लिहून ठेवलेली नाही.

आधी टोनर म्हणजे काय, ते सांगतो. पाणी निर्जंतुक करण्यासाठी बहुतेक मोठ्या केंद्रांत द्रवरूप क्लोरीन वापरतात. ते ९०० किलोंच्या आडव्या, पिवळ्या रंगवलेल्या पोलादी टाकीत येते आणि तिलाच टोनर म्हणतात. क्लोरीन उणे ३४ अंशांना उकळते, त्यामुळे आपल्याकडच्या हवेत ते केवळ दाबामुळे द्रव राहते. ३० अंश तापमानाला टोनरमध्ये दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ८ किलो दाब असतो, आणि आतला द्रव संपत येईपर्यंत तो जवळपास तेवढाच राहतो. म्हणून दाबमापकाकडे पाहून टोनरमध्ये किती माल उरला आहे, हे कळत नाही. ते कळते वजनकाट्यावरून, आणि काटा बंद पडलेल्या केंद्रात ते कळतच नाही.

टोनरच्या एका टोकाला दोन वॉल्व्ह असतात. टोनर असा ठेवायचा की ते बरोबर एकावर एक, उभ्या रेषेत येतील. तसे ठेवले की वरच्या वॉल्व्हमधून वायू आणि खालच्यातून द्रव मिळतो. वॉल्व्ह उघडायला एक फेरा पुरतो. घट्ट बसला असेल, तर पान्याच्या दांडीत पाइपचा तुकडा अडकवून जोर लावणारे महाभाग मी पाहिले आहेत. अशा जोराने स्पिंडल, म्हणजे वॉल्व्हचा फिरता दांडा, पिळला गेला, तर वॉल्व्ह पुन्हा बंद होण्याची शाश्वती राहत नाही. दुसरा एक प्रकार थंडीत घडतो. मागणी वाढली म्हणून टोनरमधून वायू जास्त वेगाने ओढला, की आतला द्रव बाष्पीभवनाने गार पडतो, बाहेरून दव आणि पुढे हिम साचते आणि पाण्याला मिळणारा क्लोरीनचा डोस घसरतो. त्यावर उपाय म्हणजे दुसरा टोनर जोडणे. पण काही ठिकाणी टोनरवर गरम पाणी ओततात, क्वचित खाली शेगडीही ठेवतात. टोनरच्या तोंडांवर बसवलेल्या सुरक्षा बुचांतला मिश्रधातू साधारण ७० ते ७४ अंशांना वितळतो, ही एकच गोष्ट त्या शेगडीवाल्याला माहीत असती तर पुरे झाले असते.

आता त्या रात्रीविषयी. पावसाळ्याचे दिवस होते, नदीचे पाणी गढूळ येत होते आणि डोस वाढवलेला होता. संध्याकाळच्या पाळीने टोनर बदलला, नवे वॉशर भांडारात नव्हते, म्हणून जुनाच पालटून लावला. अमोनियाच्या बोळ्याने जोडणी तपासली आणि त्या वेळी काही दिसले नाही. अमोनियाची तपासणी फार साधी असते. तीव्र अमोनिया द्रावणात भिजवलेला कापसाचा बोळा काडीच्या टोकाला बांधून जोडणीजवळ फिरवायचा. गळती असेल, तर तिथे अमोनियम क्लोराइडचा पांढरा धूर उठतो. बोळा पितळी वॉल्व्हला टेकवायचा मात्र नाही, कारण अमोनिया पितळ खातो. रात्री दीडच्या सुमारास फोन वाजला. आमचे एक जुने ऑपरेटर, ज्यांना सगळे मामा म्हणत, एवढेच म्हणाले, "साहेब, वास येतोय. आतून नाही, दाराखालून."

"दाराखालून" हा शब्द मला त्याच क्षणी पुरेसा वाटला. क्लोरीन हवेच्या सुमारे अडीच पट जड असतो. तो जमिनीलगत पसरतो, उतारावरून खाली जातो, नाल्यात आणि तळघरात साठतो. म्हणूनच क्लोरीन खोलीतला पंखा हवा जमिनीजवळून ओढणारा असावा लागतो आणि त्याचे बटण खोलीच्या बाहेर. आमच्याकडे बटण बाहेर होते, आणि बाकी अनेक बाबतींत ढिसाळ असलेल्या त्या केंद्राला या एका गोष्टीचे श्रेय मी देतो. मामांनी दार उघडले नव्हते, पंखा चालू केला होता आणि पाळीतल्या दोघा मजुरांना वाऱ्याच्या आडव्या दिशेने, चढावर असलेल्या फिल्टर हाउसच्या अंगणात पाठवले होते. माझ्या डोक्यात मात्र पहिला विचार आला तो शंभर जणांच्या डोक्यात येतो तोच, की पाण्याची नळी आणून जोडणीवर सोडावी.

नेमके हेच करायचे नसते. कोरडा क्लोरीन नेहमीच्या तापमानाला पोलादाला फारसे काही करत नाही. ओला क्लोरीन मात्र हायड्रोक्लोरिक आम्ल तयार करून त्याच पोलादाला खात सुटतो, आणि सुईएवढे छिद्र पाहता पाहता मोठे होते. शिवाय उणे ३४ अंशांना उकळणाऱ्या द्रवाच्या दृष्टीने नळाचे पाणी गरमच असते, त्यामुळे बाष्पीभवन वाढते. गळका सिलिंडर विहिरीत किंवा तळ्यात ढकलण्याची कल्पनाही याच जातीची आहे.

मी पोहोचलो तेव्हा मामांनी श्वसनसंच चढवला होता, म्हणजे पाठीवरच्या टाकीतून हवा पुरवणारा. डबीचा मुखवटा खुंटीला लटकत होता. तो हवा गाळतो, तयार करत नाही, म्हणून बंद खोलीत आणि वायूचे प्रमाण किती आहे ते कळत नसताना त्याच्या भरवशावर आत शिरणे हा जिवाशी खेळ आहे. हवेच्या दहा लक्ष भागांत क्लोरीनचे १० भाग झाले, की ती जागा जिवाला तत्काळ धोक्याची मानतात. नाकाला वास एका भागाच्याही खाली लागतो खरा, पण नाक लवकर सरावते आणि वास कमी झाला असे वाटू लागते. एकाने आत जायचे आणि तसाच संच घातलेल्या दुसऱ्याने दाराशी उभे राहायचे, असा नियम आहे. दुसरा संच मी घातला. मामांनी टोनरचा वॉल्व्ह बंद केला आणि इजेक्टर, म्हणजे पाण्याच्या धारेने वायू ओढून घेणारे साधन, चालूच ठेवला. त्यामुळे जोडणीच्या तांब्याच्या नळीत अडकलेला वायू पाण्याबरोबर ओढला गेला. काही मिनिटांनी बोळा फिरवला. धुराची एक बारीक रेघ उठली आणि विरली, पुन्हा उठली नाही. जोडणी उघडली, तेव्हा वॉशरच्या कडेला नखाने उमटवावी तशी एक चीर दिसली.

गळती जोडणीत होती, म्हणून वॉल्व्ह बंद करून भागले. वॉल्व्हच्या गळ्याशी असती, तर दांड्याभोवतीचा ग्लँड नट आवळून बहुधा थांबली असती, नाहीतर इमर्जन्सी किटमधली टोपी बसवावी लागली असती. टोनरच्या अंगालाच छिद्र पडून द्रव बाहेर येऊ लागला, तर करायची पहिली गोष्ट म्हणजे टोनर फिरवून छिद्र वरच्या बाजूला आणणे. त्याच छिद्रातून द्रवाऐवजी वायू निघू लागला, की वजनाने बाहेर पडणारा क्लोरीन कितीतरी पटींनी घटतो. टोनर रोलर असलेल्या आधारावर का ठेवायचा आणि दोन टोनरमध्ये फिरायला जागा का सोडायची, याचे उत्तर इथे आहे. ९०० किलो क्लोरीनचा सुमारे ३०० घनमीटर वायू होतो, आणि तेवढा वायू कागदावर तरी ३ कोटी घनमीटर हवा त्या १० भागांच्या पातळीला नेऊ शकतो.

त्या रात्री एका मजुराला खोकल्याची उबळ येत होती आणि डोळे चुरचुरत होते. कोणीतरी त्याला गूळ आणून दिला. गुळाने काही बिघडले नसेल, पण तो "आता बरं वाटतंय" म्हणून सायकलवर घरी निघाला होता, ते मात्र बिघडवणारे होते. क्लोरीन लागलेल्या माणसाला मोकळ्या हवेत शांत बसवायचे, त्याला चालवायचे नाही, श्रम करू द्यायचे नाहीत, कपड्यांना वायू लागला असल्यास ते उतरवायचे आणि डोळे निदान १५ मिनिटे वाहत्या पाण्याने धुवायचे. फुप्फुसांत पाणी साठण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो, म्हणून बरे वाटले तरी दवाखान्यात देखरेखीखाली ठेवणे आवश्यक असते. त्याला आम्ही जीपमधून नेले.

रिकामा टोनर निर्धोक असतो, हा समज तर फारच पक्का आहे. आत थोडा दाब शिल्लक असतानाच वॉल्व्ह घट्ट बंद करून, टोपी लावून तो परत पाठवायचा असतो, नाहीतर बाहेरची दमट हवा आत शिरते आणि आतून गंज सुरू होतो. १४ जुलै २०१० रोजी मुंबईत शिवडीजवळच्या हाजी बंदरात वर्षानुवर्षे पडून असलेल्या क्लोरीन सिलिंडरमधून गळती झाली आणि शंभराहून अधिक लोकांना त्रास झाला. बेवारस सिलिंडरची जबाबदारी नेमकी कोणाची, हे ठरेपर्यंत गंज थांबत नाही. आपल्या देशात अशा सिलिंडरांच्या नियमांवर देखरेख ठेवणाऱ्या यंत्रणेचे मुख्यालय नागपुरात आहे, आणि नियम आहेतही. पण बंद पडलेल्या पाण्याच्या टाकीच्या आवारात गवतात पडलेला पिवळा सिलिंडर कोणाच्याच नोंदवहीत नसतो.

शेवटचा उपाय म्हणजे चुन्याचा हौद. गळक्या टोनरमधला वायू पाण्यात कालवलेल्या चुन्यात सोडून निकामी करायचा. हिशेबाने १ किलो क्लोरीनला साधारण १.०५ किलो विरलेला चुना लागतो, कॉस्टिक सोडा वापरल्यास १.१३ किलो, आणि प्रत्यक्षात त्याहून बराच जास्त ठेवायचा. म्हणजे एका टोनरसाठी टनभराच्या वर चुना, तोही सतत ढवळता येईल असा पातळ. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू खडू बनतो, त्यामुळे हौद एकदा भरला की झाले, असे नसते. जोडणीचा प्रश्न मिटल्यावर उजाडता उजाडता मी आमचा हौद पाहायला गेलो. त्यावर पांढरी, टणक साय आली होती आणि तिच्यावर केंद्राचा कुत्रा अंगाची मुटकुळी करून झोपला होता. त्याला हुसकावून मी मामांची काठी आत घालून पाहिली. ती चार बोटांच्या पुढे गेली नाही.