श्रावणातला बँडचा रविवार

मिरजेत सतार म्हटलं की माणूस बसायला सतरंजी टाकतो, आणि बँड म्हटलं की विचारतो, "लग्न कुणाचं?" 2024 साली इथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले. पण बँडमधल्या क्लॅरिनेटसाठी कुणी कधी बत्तासाही वाटला नाही, हे मला खुपतं. म्हणून आमच्या मंडळाचा बँड ऐकायचा श्रावणातला रविवार मला गणपतीच्या दहा दिवसांपेक्षा जवळचा वाटतो. अध्यक्षांना हे वाक्य आवडणार नाही.

सुरुवात 2012 ची. मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर यायला लागले आणि बँडवाले मागे-मागे सरकत शेवटी दिसेनासे झाले. मंडळाच्या बैठकीत आमचे तेव्हाचे खजिनदार म्हणाले, "एक दिवस ह्यांना बसून ऐकू या." बसून! सगळे हसले होते. बँड म्हणजे चालताना ऐकायचा, खरं तर नाचताना न ऐकायचा. श्रावण निवडला तो सोयीचा म्हणून. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, गणपती अजून यायचेत, त्यामुळे बँडवाले रिकामे आणि आमच्या तुटपुंज्या मानधनालाही राजी. 2019 ला महापुरामुळे कार्यक्रम झाला नाही, पुढची दोन वर्षं कोरोनामुळे. बाकी खंड नाही.

दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं स्वागत, शाल, अहवालवाचन हे सगळं होतं. अहवाल मीच वाचतो, तेव्हा त्याबद्दल बोलायला नको. पाहुणे शाल घेऊन दुसऱ्या कार्यक्रमाला जातात, त्यांच्याबरोबर पुढच्या दोन रांगा उठतात. वरातीत दोन-दोन तास रस्ता अडवून ह्याच बँडपुढे नाचणारे आमचे कार्यकर्ते त्या रविवारी नेमके कुठे असतात, हा प्रश्न मी दर बैठकीत विचारतो. हजेरीवही माझ्याकडे आहे. कुणाला बघायची असेल तर घरी या.

माझा जीव अडकतो तो परिचयात. आमचा नियम असा की वाजवायच्या आधी प्रत्येक बँडच्या मास्तरांनी आपल्या माणसांची ओळख करून द्यायची. मास्तर खिशातून चार घड्या घातलेला कागद काढतात. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, आणि माइकपुढे पार अवघडलेले. "ट्रम्पेट. दिवसा गॅरेजमध्ये असतात. युफोनियम. शिलाईकाम करतात, आमचे कोटही त्यांनीच शिवलेत. साइड ड्रम. मार्केट यार्डात हमाली." ज्याचं नाव घेतलं तो एक पाऊल पुढे येतो आणि नमस्कार करू की सलाम ठोकू, ह्या घोळात दोन्ही अर्धं-अर्धं करतो. एका वर्षी एक मास्तर कागद वाचून जागेवर गेले, काठी उचलली, आणि मग धावत माइककडे परत आले. "खुळखुळा राहिला! माझा नातू." टाळ्या त्या पोराला सगळ्यात जास्त पडल्या. दरवर्षी मी ह्या वेळी चष्मा पुसतो आणि बायको दरवर्षी विचारते, काय झालं.

पण सगळ्यात लक्षात राहिला तो 2023 चा रविवार. अधिक श्रावण आलेला, म्हणजे बँडवाले आणखी एक महिना रिकामे. त्यामुळे एरवी चार बँड येतात ते सहा आले. ऑगस्टमध्ये पावसानं दडी मारली होती, हॉलमध्ये उकाडा. शेवटी वाजवायचे आमचे म्हातारे मास्तर. (त्यांचं नाव लिहायचं नाही अशी त्यांचीच ताकीद आहे. "लग्नवाल्यांना वाटेल हे भैरवीच वाजवतात.") लहानपणी इथल्या मीरासाहेब दर्ग्यातल्या संगीत सभेच्या वेळी ते भिंतीबाहेर उभे राहून ऐकायचे. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब, त्यांची कबर तिथेच. खाँसाहेब 1937 साली गेले, म्हणजे मास्तरांनी त्यांना ऐकलेलं नाही, पण बोलतात असे की काल भेटले होते.

मी विंगेत गेलो तर मास्तर स्टुलावर बसून अर्ध्या ब्लेडनं क्लॅरिनेटची रीड तासत होते. बोरूसारख्या जाड गवताची बोटभर पट्टी. उजेडाकडे धरायची, एक केसभर पापुद्रा काढायचा, तोंडात भिजवायची, फुंकायची, मान हलवायची, पुन्हा तासायची. "कोरड्या हवेत ही सासूसारखी वागते," म्हणाले. क्लॅरिनेटला चाव्या असतात, सूर बऱ्यापैकी ठरलेले. त्यातून मींड काढायची, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जायचं, तर बोटं भोकांवरून थोडी-थोडी सरकवत न्यावी लागतात आणि ओठांची पकड सैल-घट्ट करत राहावी लागते. पट्टी जरा जाड राहिली की सूर चिरकलाच.

आठला दहा मिनिटं असताना लाइट गेली. पावसाचं निमित्तही नव्हतं. माइक गेला, पंखे गेले, आणि उरलेसुरले लोक चपला शोधायला लागले. मी चक्क दारात आडवा उभा राहिलो. तेवढ्यात दुसऱ्या एका बँडच्या मास्तरांनी मागे हाक दिली, "वरातीची गाडी लावा रे!" त्यांचा जनरेटर बाहेर टेम्पोत होताच. वायर खिडकीतून आत आली आणि तिच्या मागोमाग चार बायका, प्रत्येकीच्या हातात वरातीतलं दिव्यांचं झाड. पहिलीनं विचारलं, "चालायचं न्हाई? मग हुबं कुठं ऱ्हायचं?"

दोन डावीकडे, दोन उजवीकडे. मध्ये मास्तर. माइक नाही, ड्रम नाही, मागे एका क्लॅरिनेटनं धरलेला फक्त षड्ज, म्हणजे सा, आणि त्यावर भैरवी. जनरेटरची घरघर बाहेर होती, पण दुसऱ्या मिनिटाला ती कानाआड झाली. कोमल रिषभावरून षड्जावर येताना मास्तर इतके सावकाश आले की माझ्या शेजारचे तालमीतले पैलवान "आता या की," असं पुटपुटले. मास्तर आले. चपला घातलेले लोक चपला घालूनच उभे होते. दहाच्या आत आटोपलं, पोलिसांचा फोन आला नाही.

आता आभार, कारण अहवालात कुणी ना कुणी राहतंच. खुर्च्या वाहणारी तालमीची पोरं. मंडपवाले काका, ज्यांनी ह्याही वर्षी बिलातले शेकडे सोडून दिले. पोहे करणाऱ्या गल्लीतल्या पाच वहिनी. सहावी भांडी घासायला होती, ती नाराज आहे, म्हणून सहा. हॉलचे शिपाई मामा, त्यांनी किल्ली अर्धा तास जास्त ठेवली. फलक रंगवणारे पेंटर. कोटांना इस्त्री करून देणारा लाँड्रीवाला. रीडसाठी ब्लेड आणून देणारा सलूनमधला पोरगा. खजिनदारांच्या सूनबाई, कशासाठी ते त्यांना माहीत आहे.

आणि त्या चौघी. मास्तरांच्या कागदावर त्यांची नावं नव्हती; दिवेवाल्या वाजवत नाहीत, म्हणून कागदात येत नाहीत. माझ्या लक्षात आलं तेव्हा सत्काराचे चारच नारळ उरले होते. मी घाईघाईनं पहिलीपुढे नारळ धरला. तिनं माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या दिव्याकडे. "दादा, ह्यो कुणीतरी धरा आधी," म्हणाली. मी नारळ खाली ठेवला आणि झाड धरलं. भलतंच जड असतं.