वाळू आत जाईना, बाहेर पडेना

स्वच्छ पाण्यावर आमचं पाती नसलेलं टर्बाइन, म्हणजे वाहत्या पाण्यावर फिरून वीज करणारं यंत्र, वर्कशॉपमध्ये नीट चालत होतं. त्या दिवशी त्याच्या पाण्यात पहिल्यांदाच वाळू मिसळायची होती. ज्या ओढ्यावर ते बसणार होतं, तिथे ते सांभाळायची जबाबदारी घेतलेले दादा स्वतःच वाळू घेऊन आले होते. एका पोत्यात ओढ्याच्या तळातली भरड वाळू होती, दुसऱ्यात पुराचं पाणी पिंपात साठवून खाली बसलेला गाळ. दुसरं पोतं आणायची कल्पना त्यांचीच. "तळातली वाळू तळातच राहते मॅडम, पाइपात येते ती ही," असं म्हणून त्यांनी मूठभर गाळ माझ्या हातावर ठेवला. ओला असूनही तो बोटांना खरखरीत लागत होता आणि त्यात अभ्रकाचे चपटे कण चमकत होते.

यंत्राची मूळ कल्पना निकोला टेस्लाची, १९१३ साली पेटंट मिळालेली. एका शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यावर, सपाट गोल चकत्या बसवायच्या, एकमेकींना समांतर, मध्ये अगदी थोडी फट ठेवून. नोझलमधून, म्हणजे पाइपाच्या निमुळत्या तोंडातून, पाणी चकत्यांच्या कडेला स्पर्शरेषेत सोडायचं. ते फटींमधून गोल फिरत फिरत केंद्राकडे सरकतं आणि शाफ्टजवळच्या भोकांतून बाहेर पडतं. चकतीला लागून असलेला पाण्याचा पातळ थर चकतीला धरून राहतो, शेजारचा थर त्याला ओढतो, आणि पाण्याच्या या चिकटपणावरच चकती फिरते. एरवी टर्बाइनमध्ये जे घर्षण नुकसान म्हणून मोजतात, ते इथे काम करतं.

आमच्याकडे पाणी होतं २० मीटर उंचीवरून येणारं, सेकंदाला ६ लिटर. म्हणजे मुळातच जेमतेम बाराशे वॉट. चांगलं बनवलेलं छोटं पेल्टन चाक (कडेला वाट्या बसवलेलं टर्बाइन) त्यातून सातशेच्या आसपास काढू शकतं. आमच्या चकत्यांनी स्वच्छ पाण्यावर साडेतीनशे दिले होते. मग निम्मी वीज सोडून चकत्या कशासाठी, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो आणि तो विचारायलाच हवा. पेल्टनच्या वाट्यांवर फवारा आदळतो आणि जवळपास उलट दिशेला वळतो. पाण्यासोबत वाळू असली की त्या वळणावर ती धातू खरवडते, वाटीची मधली धार बोथट होते आणि वीज घटत जाते. नव्या वाट्या ओतून आणायच्या तर फौंड्री लागते. चकती मात्र सपाट पत्र्यातून कापता येते, भोक पाडता येतं आणि साध्या वर्कशॉपमध्ये बदलता येते. जिथे पाणीच तुटपुंजं आहे तिथे मी आजही पेल्टन किंवा क्रॉसफ्लो (पाणी पात्यांमधून आरपार जाणारं टर्बाइन) सुचवते. या ओढ्याला पाणी भरपूर होतं, पण वर्षातला बराच काळ ते गढूळ असायचं. अशा ठिकाणी मला कार्यक्षमतेपेक्षा टिकाऊपणाची जास्त काळजी वाटते.

अडचण होती ती फटीची. पाण्याचा चिकटपणा आणि फिरण्याचा वेग यांचा हिशेब मांडला, तर मिनिटाला १००० फेऱ्यांना चकतीलगतच्या थराची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास येते. दोन चकत्यांमधली फट त्याच्या साधारण तिप्पट, म्हणजे ०.३ मिलिमीटर असली की ओढ चांगली लागते. त्याहून बरीच मोठी ठेवली तर मधलं पाणी चकतीला पुरेशी ताकद न देताच निसटतं. पण ०.३ मिलिमीटर हा तर मध्यम वाळूच्या कणाचा आकार झाला! "पाती नाहीत, म्हणून वाळूचं भय नाही," हे या यंत्राबद्दल सर्रास म्हटलं जातं. चांगली चालणारी फट आणि वाळूचा कण एकाच मापाचे असताना ते खरं कसं ठरेल, हीच शंका घेऊन आम्ही दोन रोटर, म्हणजे शाफ्टवर बसवलेल्या चकत्यांचे संच, तयार केले होते. एकाची फट ०.३ मिलिमीटर, दुसऱ्याची १ मिलिमीटर. चकत्या दोन्हींत सारख्याच, स्टेनलेस स्टीलच्या, १ मिलिमीटर जाड आणि २५० मिलिमीटर व्यासाच्या.

रोटर जुळवण्याचं काम आमच्या फिटर काकांचं. प्रत्येक दोन चकत्यांमध्ये स्पेसर टाकून ते आवळायचे, मग फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या, फिरवून जागोजागी फट तपासायची. पत्रा डोळ्यांना सरळ दिसला तरी कुठेतरी केसभर वाकलेला असतोच, त्यामुळे ०.३ ची फट कुठे ०.२ होती तर कुठे ०.४. काका ती चकती काढून, फिरवून पुन्हा बसवायचे. या यंत्राची कार्यक्षमता कागदावर फार मोठी दिसते आणि प्रत्यक्षात घसरते, त्याची काही कारणं इथेच आहेत. नोझलमधून येणारं पाणी सगळं फटीत शिरत नाही. बराच भाग चकत्यांच्या जाड कडांवर आपटतो. जे शिरतं ते केंद्राशी पोचल्यावरही फिरतच असतं आणि ती उरलेली ताकद घेऊनच बाहेर पडतं.

अरुंद फटीच्या रोटरपासून सुरुवात केली. पंपाने नोझलपाशी २ बारचा, म्हणजे २० मीटर उंचीच्या पाण्याइतका, दाब धरला, पाणी मोजायच्या व्ही-नॉचवर (व्ही आकाराच्या खाचेवर) पाण्याची उंची साडेअकरा सेंटीमीटरच्या आसपास स्थिरावली, शाफ्टवर रोप ब्रेकचा, म्हणजे दोर आवळून टाकायचा, हलका भार ठेवला. टॅकोमीटरवर मिनिटाला १३०० फेऱ्या दिसत होत्या. नोझलच्या आधी पाइपला जोडलेल्या दाबाच्या डब्यातून गाळ सोडायला सुरुवात केली. मी कान टवकारून उभी होते, कारण अडकलं तर आता लगेच अडकेल असं वाटत होतं. तसं काहीच झालं नाही. यंत्राच्या आवाजात फक्त एक बारीक सळसळ मिसळली.

दादा मात्र यंत्राकडे बघतच नव्हते. ते मधून बाहेर पडणाऱ्या पाण्यापाशी बसले होते. त्यांनी त्या धारेखाली बारीक चाळणी धरली, उचलून पाहिली, पुन्हा धरली. मग म्हणाले, "मॅडम, पाणी जरा गढूळ येतंय, पण वाळू नाही येत. एवढी आत टाकली, ती गेली कुठं?"

मी उठून चाळणी पाहिली. खरोखरच तिच्यावर जवळपास काही नव्हतं. तेवढ्यात ठरल्या क्रमाप्रमाणे काकांनी ब्रेकवरचा भार वाढवला. वेग बाराशे, हजार, नऊशेवर उतरला आणि कच्चकन आवाज होऊन शाफ्ट जागच्या जागी थांबला. काकांनी झटकन व्हॉल्व्ह बंद केला.

झाकण काढलं. चकत्यांच्या कडेपासून आत काही सेंटीमीटरपर्यंत फटी वाळूने गच्च भरल्या होत्या, सगळीकडून, गोल कड्यासारख्या. त्याच्या आत, भोकांजवळ, चकत्या लखलखीत स्वच्छ. आणि केसिंगच्या, म्हणजे रोटरभोवतीच्या कवचाच्या, आतल्या भिंतीवर, बरोबर रोटरच्या समोर, नुकताच घासून निघालेला चकचकीत पट्टा. काकांनी त्याच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "वाळू आत गेलीच नव्हती. इथंच फिरत होती."

फळ्यावर हिशेब मांडला तेव्हा सगळं जुळलं. केंद्रापासून १० सेंटीमीटरवर पाणी सेकंदाला १२ मीटरच्या आसपास फिरत असेल, तर कणाला बाहेर ढकलणारा जोर गुरुत्वाच्या जवळपास दीडशेपट होतो. वाळूचा कण पाण्यापेक्षा जड, म्हणून तो गोफणीतल्या दगडासारखा बाहेर ओढ घेतो. ०.२ मिलिमीटरचा कण या जोराखाली पाण्यातून सेकंदाला सुमारे ०.८ मीटर वेगाने बाहेर सरकू पाहतो. त्याला आत नेणारं पाणी, अरुंद फटीच्या रोटरमध्ये, केंद्राकडे सुमारे ०.७ मीटर वेगाने जातं. म्हणजे कण आतही जात नाही आणि केसिंगची भिंत असल्यामुळे बाहेरही पडत नाही. तो कडेला फिरत राहतो, मागून येणारे कण त्याला मिळतात आणि वाळूचं वलय जमतं. भार वाढून रोटर मंदावला की बाहेर ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने उतरतो. शिवाय मंद रोटरचा पाण्याला विरोध कमी होतो, म्हणून पाणी आत आणखी जोरात शिरतं. मग साठलेलं सगळं वलय एका क्षणात फटींत ओढलं जातं. वाळू टाकताना यंत्र अडकलं नाही आणि भार टाकताना अडकलं, त्याचं कारण हे होतं. गावात कोणी चक्की सुरू केली की दर वेळी हेच झालं असतं.

तेव्हा आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि मला वाटतं या सगळ्यात तीच महत्त्वाची. चकत्यांची अशीच रचना पंपातही वापरतात. घट्ट, वाळूमिश्रित राडा उपसायला ते पंप खरोखर चांगले असतात, कारण तिथे प्रवाह केंद्राकडून कडेकडे जातो आणि फिरण्याचा जोर वाळूला त्याच दिशेने बाहेर काढतो. टर्बाइनमध्ये प्रवाह कडेकडून केंद्राकडे येतो, म्हणजे तोच जोर वाळूच्या वाटेत आडवा उभा राहतो. पंपाचा गुण टर्बाइनला चिकटवून चालत नाही. चकत्या त्याच असल्या तरी वाळूच्या बाबतीत ही दोन यंत्रं एकमेकांच्या विरुद्ध वागतात.

"आत यायची नाही म्हणते तर तिला बाहेरची वाट द्या," काका म्हणाले. आम्ही तेच केलं. केसिंगच्या खालच्या बाजूला, फिरण्याच्या दिशेने तिरकं, ८ मिलिमीटरचं भोक पाडून सॉकेट वेल्ड केलं आणि व्हॉल्व्ह बसवला. त्यातून सेकंदाला अर्धा लिटरच्या आतबाहेर पाणी वाया जाणार होतं. रोटरही बदलला. १ मिलिमीटर फटीचा घातला, कारण एकूण फट वाढली की आत जाणाऱ्या पाण्याचा वेग निम्म्याहून खाली येतो आणि वाळू बाहेर ठेवायला सोपं पडतं. चुकून एखादा कण शिरलाच, तर तो अडकत नाही. वाळू बाहेर टाकण्याच्या दृष्टीने मोठी फटच बरी, हे त्या सकाळपर्यंत आम्ही त्या अंगाने पाहिलंच नव्हतं.

दुपारनंतर पुन्हा गाळ सोडला. खालच्या व्हॉल्व्हमधून लगेच तपकिरी धार सुरू झाली आणि दादांची चाळणी यावेळी त्या धारेखाली होती. ती भराभर भरू लागली. काकांनी भार चढवला, उतरवला, एकदम सोडला, पुन्हा एकदम आवळला. वेग वरखाली झाला पण शाफ्ट थांबला नाही. दुसऱ्या पोत्यातला गाळ संपल्यावर तळातली भरड वाळूही घातली. तीसुद्धा खालच्या वाटेने निघून गेली. रोटर उघडून पाहिला तेव्हा फटींत अभ्रकाचे काही चपटे कण चिकटलेले होते, बाकी काही नाही.

ताकद अडीचशे वॉटच्या आसपास भरली. स्वच्छ पाण्यावर मिळालेल्यापेक्षा शंभर कमी, आणि मला ते मनापासून लागलं. मी दादांना सरळ सांगितलं की एवढ्याच पाण्यावर दुसरं यंत्र याच्या दुपटीहून जास्त देईल, पण त्याला गाळ बसवायला मोठी टाकी बांधावी लागेल आणि ती उपसत राहावी लागेल. त्यांनी बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग विचारलं, "पुरात त्या टाकीपर्यंत जायचं कसं? रस्ता तर पाण्याखाली असतो." टाकी किती मोठी आणि ओढ्यापासून किती वर, याच्या गणितात हा प्रश्न मी कधी धरलाच नव्हता. शेवटी अडीचशेवाली दोन यंत्रं शेजारी शेजारी लावायची असं ठरलं. पाणी पुरेसं होतंच.

झीज पूर्ण थांबेल अशी आशा मी धरत नाही. नोझलमधून पाणी सेकंदाला जवळपास २० मीटरने निघतं, तिथे वाळू ओठ खाणारच. केसिंगच्या भिंतीवरही ती घासत राहणार. म्हणून नोझलचा ओठ वेगळा सुटणारा करायचा आणि भिंतीला आतून बदलता येईल असं पत्र्याचं अस्तर लावायचं ठरवलं. दादांची अट एकच होती: अस्तर बदलताना पाइप खोलावा लागू नये आणि सगळे बोल्ट एकाच पान्याने निघावेत. काकांनी लगेच ड्रॉइंगवर बोल्टांच्या जागा हलवल्या. एक बोल्ट नोझलच्या आड येत होता. तो कुठे न्यायचा यावर आमचं तिघांचं एकमत होईपर्यंत वर्कशॉप बंद करायची वेळ झाली होती.